ससाणा कोणाला म्हणावे?



ज्या शिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांना कोणत्याही वस्तूचे नाव अजागळपणे घेतलेले खपत नसे, असे त्यांचे विद्यार्थी आजही सांगतात. चालकांनी विषयाची निवड माझ्याकडे सोपवली, तेव्हा या एका आठवणीचा आधार घेऊन मी शिकारी पक्ष्यांचा विषय पत्करला. कारण आपल्या वऱ्हाडच्या आकाशात बारमाही वावरणारी आणि तरीही आपल्या दप्तरी धडपणे दाखल न झालेली अशी दुसरी जमात मला ठाऊक नाही. अमरावतीच्या वडाळी तलावावर, अकोल्यात मोर्णेच्या काठी, किंवा मेळघाटाच्या पायथ्याशी परतवाड्याच्या रस्त्यावर पंख पसरून तरंगणारी कोणतीही आकृती दिसली की आपण 'घार' म्हणून तिचा निकाल लावतो. ती झडप घालताना दिसली तर तिला 'ससाणा' म्हणतो. आणि ती आकाराने थोडी मोठी असली, किंवा पाहणारा वृत्तीने थोडा काव्यप्रिय असला, तर तिचा तत्काळ 'गरुड' होतो. पतंगाच्या मांजात पंख अडकून खाली आलेला एखादा पक्षी पंचनाम्यात ससाणा, जनावरांच्या दवाखान्यातील रजिस्टरात घार आणि दुसऱ्या दिवशीच्या वृत्तपत्रात गरुड म्हणून रुजू होतो, आणि प्रत्यक्षात तो शिक्रा असतो, हा प्रकार इतका नित्याचा आहे की त्याचे कोणास नवलही वाटेनासे झाले आहे.

या घोळाचे खापर लोकांच्या अज्ञानावर फोडण्याची रीत आहे. मला ती मान्य नाही. माझे म्हणणे असे की, या पक्ष्यांना नावे देणारे लोक निरनिराळे होते, त्यांची गरज निरनिराळी होती, आणि प्रत्येकाचे नाव आपापल्या अंमलात अचूक होते. घोटाळा झाला तो एका अंमलातील नाणे दुसऱ्या अंमलात बिनदिक्कत चालवल्यामुळे.

या नावे देणाऱ्यांत सर्वांत काटेकोर होते ते पक्ष्यांकडून शिकार करविणारे बाजदार. अबुल फजलच्या 'आईन-ए-अकबरी'त वऱ्हाड सुभ्यातील गाविल आणि नरनाळा या सरकारांची नोंद आहे, आणि त्याच ग्रंथात बादशाही शिकारखान्यातील बाज, शाहीन इत्यादी पक्ष्यांच्या खुराकाची आणि त्यांच्या राखणदारांच्या वेतनाची व्यवस्थाही तपशिलाने लिहिलेली आहे. मराठ्यांच्या राज्यकारभारातील अठरा कारखान्यांतही शिकारखाना होता. ज्या पक्ष्याच्या मांसाच्या खुराकाचा हिशेब दररोज लिहावयाचा, त्याचे नाव मोघम ठेवून कारकुनाचा निभाव लागणे शक्यच नव्हते. शिकारी पक्ष्यांत मादी नराहून मोठी आणि बहुधा अधिक बळकट असते. तेव्हा शिकाऱ्याच्या दृष्टीने नर आणि मादी ही दोन निराळी हत्यारे होत, आणि म्हणून त्याने त्यांना निराळी नावे दिली. मादी ती बाज, तिचा नर जुर्रा. मादी ती बाशा, नर बाशीन. शिकरा ही मादी, तिचा नर चिपका. लग्गर ही मादी, नर झग्गर. तुरमती ही मादी, नर चटवा. जर्डन या पक्षिशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सातव्या दशकात प्रसिद्ध केलेल्या भारतीय पक्ष्यांवरील ग्रंथात ही नावे जोडीजोडीने टिपून ठेवली, हे त्याचे आपल्यावर उपकार आहेत. बाजदारी बुडाली, जोड्या फुटल्या, आणि मागे राहिलेली सुटी नावे ज्याच्या हाती लागली त्याने ती वाटेल त्या पक्ष्याला चिकटवली. आज मराठीत 'बाज' म्हणजे नेमका कोणता पक्षी हे दोन जाणत्यांना विचारावे आणि तीन उत्तरे घेऊन परत यावे.

याच बाजदारांनी या सर्व पक्ष्यांची एक ढोबळ पण विलक्षण मार्मिक विभागणी करून ठेवली होती, ती डोळ्यांवरून. काही स्याहचश्म, म्हणजे काळ्या डोळ्यांचे. काही गुलाबचश्म, म्हणजे पिवळ्या-तांबूस डोळ्यांचे. कुमाऊंचा राजा रुद्रदेव याच्या 'श्यैनिकशास्त्र' नामक संस्कृत ग्रंथात, जो महामहोपाध्याय हरप्रसाद शास्त्री यांनी १९१० साली कलकत्त्यास संपादून प्रसिद्ध केला, हीच विभागणी कृष्णाक्ष आणि पाटलाक्ष या शब्दांनी केलेली आहे. कृष्णाक्ष ते खरे ससाणे: लांब निमुळते पंख, चोचीच्या कडेला दातासारखा एक खाचखळगा, आणि मोकळ्या आकाशात उंचावरून वेगाने घातलेली झेप. बहिरी, लग्गर, तुरमती, आणि हिवाळ्यात आपल्याकडे येणारी खरूची ही सारी या घराण्यातील मंडळी. पाटलाक्ष ते बाज आणि शिक्रे: पंख आखूड व गोलसर, शेपूट लांब, झाडीच्या आडोशाने दबा धरून अचानक तुटून पडण्याची पद्धत. गंमत अशी की, २००८ साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या पक्ष्यांच्या आनुवंशिक अभ्यासात ससाण्यांचे घराणे घारी-गरुडांपासून पार दूरचे, आणि पोपटांना व गाणाऱ्या पक्ष्यांना अधिक जवळचे ठरले. डोळ्याचा रंग पाहून मीरशिकाराने, म्हणजे त्याच बाजदाराने, जो भेद शतकांपूर्वी ओळखला होता, तो आपल्याच परीने सिद्ध करून घेण्यास शास्त्राला एकविसावे शतक उजाडावे लागले. ही कसोटी सर्वत्र लागू पडते असे मात्र कोणी समजू नये. घारीचे डोळेही गडद असतात, आणि कापशीचे तर रक्तासारखे लाल.

तेव्हा ससाणा कोणाला म्हणावे, याचे माझ्यापुरते उत्तर हे: कृष्णाक्ष घराण्याला. अमरकोशाने श्येनाला 'शशादन', म्हणजे ससे खाणारा, असे नाव दिले आहे आणि 'ससाणा' त्यातूनच निघालेला दिसतो. परंतु शशादन या शब्दाने संस्कृतात ससाणा आणि बाज यांच्यात भेद केलेला नाही, आणि आपल्या ग्रामीण बोलीनेही तो केला नाही. शेतकऱ्याला त्याची आवश्यकताच नव्हती. कोंबडीचे पिलू उचलणारा तो ससाणा, एवढी व्याख्या त्याच्या अंगणापुरती पुरेशी होती.

घारीचे तसे नाही. ती इतकी परिचयाची आहे की तिला ओळखण्यात चूक होऊ नये; तथापि सर्वाधिक चुका तिच्यामुळेच होतात, कारण अन्य पक्ष्यांना आपण तिच्या मापाने मोजतो. तिची शेपूट दुभंगलेली असते हे शाळेतील मूलही सांगेल, परंतु वळताना तिने ती पसरली की ती खाच नाहीशी होते आणि शेपटाची कडा सरळ दिसू लागते, हे लक्षात न आल्यामुळे पुष्कळ घारी केवळ शेपूट पसरल्याच्या अपराधावरून गरुडपदास चढतात. कर्नल साइक्स यांनी १८३२ साली दख्खनच्या पक्ष्यांचे वर्णन प्रसिद्ध केले त्यात आपल्या घारीला त्यांनी 'गोविंदा' असे नाव दिले, आणि ते उपजातीचे नाव म्हणून शास्त्रात आजतागायत चालू आहे. संतांच्या वाङ्मयात घार पिलांची चिंता वाहणारी माता आहे, व्यवहारात ती मटणाच्या दुकानावरची चोरटी आहे, आणि शास्त्रात ती गोविंदा आहे; एका पक्ष्याच्या वाट्याला इतकी विविध कीर्ती क्वचितच आली असेल.

परंतु 'घार' हा शब्द ज्यांच्या नावाच्या शेवटी लागतो ते सारे घारीचे भाऊबंद आहेत असे मानणे म्हणजे आडनावावरून नाते लावण्यासारखे आहे. मोरघार हे नाव ज्याला मिळते तो गरुडांच्या वंशातला आहे. मासे धरणाऱ्या मत्स्यघारीचे तर स्वतंत्र कुलच मानतात. आणि कापशी, जिला काही जण कापशी घार म्हणतात, ती खऱ्या घारींपासून बरीच वेगळी पडलेली आहे. उलटपक्षी, ब्राह्मणी घार ही खरोखर घारींच्या गोतातली असूनही दक्षिणेत तिला साक्षात विष्णूचे वाहन समजून लोक हात जोडतात. गरुड या शब्दाचे वजन देवळाने इतके वाढवून ठेवले आहे की तो शब्द वापरताना माणसाचे डोळे पक्ष्याकडे नसून मूर्तीकडे असतात. रामायणातला जटायू गृध्र आहे, म्हणजे गिधाड आहे, हे ठाऊक असूनही चित्रकार त्याला पिसांनी भरलेली मान आणि गरुडाचा तोरा बहाल करतात. गिधाडाची उघडी मान वीराला शोभणार नाही असे त्यांना वाटत असावे.

कापशीपाशी मला थोडे थांबावयाचे आहे, कारण ती आपल्या प्रांताची म्हणावी इतकी येथे शोभते. अकोल्याहून पातूरकडे जाताना कापशी नावाचे गाव आहे, त्याचा तलाव पक्षी पाहणाऱ्यांच्या परिचयाचा आहे, आणि त्या तलावाच्या आसपासच्या रानांत कापशी नावाचा हा पक्षीही दिसतो. अंग कापसासारखे पांढरे व राखी, खांद्यावर काळा डाग, डोळे लाल. तारेवर बसला की शेपटीला वरखाली झटके देण्याची सवय. कपाशीच्या आणि तुरीच्या शेतावर हा एकाच जागी पंख फडफडवीत अधांतरी थांबतो, खालचे उंदीर न्याहाळतो, आणि पाय खाली सोडून अलगद उतरतो. हिवाळ्यात खरूचीही हरभऱ्याच्या शेतावर असाच अधांतरी थांबते, आणि साप खाणारा मोठ्या डोक्याचा सर्पगरुडही, आपला अवजड देह सांभाळीत, तेच करू पाहतो. तेव्हा केवळ अधांतरी थांबण्यावरून नाव ठरवू नये. खरूचीची पाठ विटकरी असते, पसरलेल्या शेपटीच्या टोकाला काळा पट्टा असतो; आणि मुख्य म्हणजे उन्हाळा लागला की ती आपल्याकडून निघून जाते, तर कापशी येथेच घरटे करते. वैशाखात वऱ्हाडातल्या शेतावर कोणी खरूची पाहिल्याचे सांगू लागला, तर त्याच्याकडे पुन्हा एकदा चौकशी करावी हे बरे. कापशी या पक्ष्याचे अन्न मुख्यतः उंदीर. आणि तरीही 'ससाणा आला' या एका आरोळीवर त्याला गोफणीचा धोंडा खावा लागतो. नावाची चूक इथे पुस्तकात न राहता शेतात उतरते, आणि तिची किंमत पक्षी देतो, व उंदरांच्या रूपाने शेतकरीही.

शिक्र्याचा घोटाळा याहून मनोरंजक आहे. मृगाच्या सुमारास झाडीतून 'पेर्ते व्हा' असा घोष करणारा पावशा, ज्याच्या हाकेवर वऱ्हाडातील कुणब्याचे कान लागलेले असतात, तो पिसाऱ्याने आणि उडण्याच्या ढबीने शिक्र्याची हुबेहूब नक्कल आहे: तीच राखी पाठ, तसेच पट्टे, तीच चार फडफडी आणि एक तरंग अशी चाल. तो सातभाईंच्या घरट्यात आपले अंडे घालतो, आणि त्याला पाहून लहान पक्षी शिक्रा आला म्हणून गलका करतात. हिवाळ्यात तो बहुधा मौन पाळतो, आणि मग त्याला पाहून माणसेही फसतात. चोच पाहावी, शिक्र्याची आकड्यासारखी वळलेली, पावशाची सरळसर. बसण्याची रीतही पाहावी. शिक्रा ताठ बसतो. जेथे सातभाईही फसतात तेथे मनुष्याने फार लाजू नये.

शिक्र्याचे नाव जगभर कसे भरकटले त्याची हकीकत ऐकण्याजोगी आहे. फ्रेंच प्रवासी लव्हायाँ याने अठराव्या शतकाच्या अखेरीस बंगालकडून आलेल्या एका पक्ष्याचे वर्णन करताना 'शिकरा' हे देशी नाव 'चिकेरा' असे लिहून त्याला दिले; परंतु तो पक्षी शिक्रा नव्हता, तांबड्या डोक्याची तुरमती होती. दोदँ या प्राणिशास्त्रज्ञाने १८०० साली तेच नाव शास्त्रीय नामावलीत कायम केले, आणि शास्त्रीय नावे एकदा रुजू झाली की सुखासुखी खारीज होत नाहीत, त्यामुळे आजही तुरमती ही 'फाल्को चिकेरा' म्हणून शिक्र्याचे नाव मिरवते आहे. लग्गरला 'फाल्को जगर' म्हणतात, म्हणजे मादीचे नाव सोडून नराचे झग्गर हे नाव सबंध जातीला मिळाले. शास्त्रीय नाव स्थिर असते असा आपला समज आहे, तोही पुरता खरा नाही. खुद्द शिक्र्याला दीर्घकाळ ज्या वंशाखाली ओळखत त्यातून काढून २०२४ साली नव्या वर्गीकरणात दुसऱ्या वंशात टाकले गेले. अमेरिकेत तर इंग्रज वसाहतवाल्यांनी बहिरीला बदकांचा बाज आणि लहान खरूचीला चिमण्यांचा बाज म्हटले, ही नावे विसाव्या शतकापर्यंत चालली, आणि इंग्लंडात जे नाव एका जाड्या शिकारी पक्ष्याचे, ते तेथे गिधाडाला चिकटले. तेव्हा हा घोळ केवळ आपल्या मऱ्हाटी बेशिस्तीचा आहे, ही न्यूनतेची भावना मनातून काढून टाकावी.

हिवाळ्यात कारंजा-सोहोळच्या काळवीट अभयारण्याच्या गवतावरून जमिनीलगत, इंग्रजी व्ही अक्षरासारखे पंख उचलून डुलत जाणारे भोवत्ये पाहावेत. यांचा नर राखी-पांढरा आणि मादी तपकिरी, कमरेवर पांढरा ठिपका असलेली; दोघांत इतका फरक की युरोपात नर व मादी या दोन भिन्न जाती आहेत असे दीर्घकाळ समजत. जॉर्ज माँटेग्यू याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी हा गुंता सोडवला, आणि त्याच ओघात एक नवी जातही वेगळी काढली, जी आज त्याच्या नावाने ओळखली जाते आणि दर हिवाळ्यात आपल्याकडे येते. त्याच्या जातीची मादी आणि पांढुरक्या भोवत्याची मादी यांत भेद करणे हे अनुभवी पाहणाऱ्यासही अवघड जाते, आणि अशा वेळी वहीत 'भोवत्या, मादी' इतकेच लिहून थांबणे हे मी उत्तम निरीक्षकाचे लक्षण समजतो.

आता दोन उदाहरणे अशी, की जिथे नावाचा प्रश्न जातीच्या जीवनमरणाशी येऊन भिडला. पहिले रानपिंगळ्याचे. ब्लूविट याने १८७२ साली हा पक्षी मिळवला, पुढील वर्षी ह्यूम याने त्याचे वर्णन करून त्यालाच ब्लूविटचे नाव दिले, डेव्हिडसन याने खानदेशात काही नमुने जमवले, आणि १८८४ नंतर त्याचा मागमूस लागेना. मध्ये १९१४ सालचा म्हणून एक नमुना गुजरातेतील मांडवीचा असल्याचे मायनर्टझहागेन या सेनाधिकाऱ्याने नोंदवले होते, आणि त्यावर विसंबून पुढच्यांनी शोध केला. तो नमुना संग्रहालयातून चोरून, पुन्हा शिवून, खोट्या चिठ्ठीनिशी आपल्या संग्रहात मांडलेला होता हे अनेक दशकांनी उघडकीस आले. खोटी चिठ्ठी बाजूस सारून जुन्या खऱ्या नमुन्यांच्या स्थळांकडे पक्षिशास्त्रज्ञ पामेला रासमुसेन आणि त्यांचे सहकारी वळले, तेव्हा नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ हा पक्षी जिवंत सापडला, आणि पुढील पाहण्यांत तो आपल्या मेळघाटातही असल्याचे आढळले. तो सारा काळ तो काही कोठे गेला नव्हता. आपल्या गावकुसाच्या झाडावर बसणाऱ्या ठिपकेवाल्या पिंगळ्याशी त्याची होणारी गल्लत हेच त्याचे लपण होते. रानपिंगळ्याच्या डोक्यावर ठिपके जवळजवळ नसतात, शेपटीवर ठळक पांढरे पट्टे असतात, पंजे देहाच्या मानाने भक्कम असतात, आणि तो दिवसाउजेडी शिकार करतो. पुन्हा मराठीत रानपिंगळा आणि जंगली पिंगळा अशा दोन जाती दोन नावांनी नांदतात, ज्या नावांचा अर्थ एकच. ही आम्ही नव्याने घातलेली भर आहे, तिचा दोष मीरशिकारांवर ढकलता येणार नाही.

दुसरे उदाहरण गिधाडांचे. लांब चोचीचे गिधाड ही एकच जात समजत; २००१ साली रासमुसेन आणि पॅरी यांनी ती वस्तुतः दोन जाती असल्याचे दाखवले. एक कड्यांवर घरटे करणारी, आपल्या द्वीपकल्पातली. दुसरी हिमालयाच्या पायथ्याची, झाडांवर घरटे करणारी, आणि अतिशय विरळ. एका नावाखाली दोघींची खानेसुमारी होत होती, तोवर विरळ जातीची विरळता झाकली गेली होती. आणि ती उघड झाली तेव्हा सारीच गिधाडे मरत होती. जनावरांना वेदनाशामक म्हणून देण्यात येणारे डायक्लोफिनॅक हे औषध मेलेल्या जनावराच्या मांसातून गिधाडांच्या पोटात जाऊन त्यांची मूत्रपिंडे निकामी करते, हे २००४ साली सिद्ध झाले, आणि २००६ साली भारत सरकारने त्याच्या पशुवैद्यकीय वापरास मनाई केली. तोपर्यंत पांढऱ्या पाठीच्या गिधाडांपैकी हजारी एक देखील उरले नव्हते, असे पाहणीत दिसून आले. या पांढऱ्या पाठीच्या गिधाडाला कित्येक ठिकाणी नुसते 'पांढरे गिधाड' म्हणतात, आणि खरे पांढरे गिधाड, म्हणजे पिवळ्या तोंडाचे, उकिरड्यावर दिसणारे लहान गिधाड, ते निराळेच. एखाद्या गावाने 'आमच्याकडे पांढरी गिधाडे पुष्कळ आहेत' असे कळवले, तर त्या कागदावरून समाधान मानावे की चिंता करावी, हे प्रत्यक्ष जाऊन पाहिल्याखेरीज सांगता येत नाही.

या सर्वांवर उपाय म्हणून प्रमाण मराठी नावे ठरवावीत, असे मत आहे आणि ते योग्य आहे. मारुती चितमपल्ली यांनी नवेगाव, नागझिरा आणि मेळघाट येथील वनखात्यातील सेवेत आदिवासींकडून आणि पारध्यांकडून ऐकलेली नावे जतन केली, आणि त्यांचा 'पक्षीकोश' या मार्गातला पायाचा दगड आहे. ते २०२५ साली आपल्यातून गेले. महाराष्ट्रातील पक्षिमित्रांच्या संमेलनांतूनही या प्रश्नाची चर्चा होत आली आहे. तथापि प्रमाण नाव ठरले म्हणजे गावचे नाव रद्द झाले, असा जो अर्थ उत्साही मंडळी करतात, त्याला माझा विरोध आहे. फासेपारध्याने पक्ष्याला दिलेले नाव बहुधा त्याच्या चालीवरून, आवाजावरून, किंवा तो कोणत्या जाळ्यात सापडतो यावरून असते. ते नाव पुसणे म्हणजे एक साक्षीदार गमावणे होय. ज्या जमातीला १८७१ च्या कायद्याने जन्मतः गुन्हेगार ठरवले, तिच्याजवळचे हे ज्ञान आपण कोठेच दाखल करून घेतले नाही, ही त्या अन्यायातील एक कमी बोलली जाणारी बाजू आहे.

म्हणून या सभेला माझी विनंती आहे. जैवविविधता कायदा २००२ साली झाला आणि त्यानुसार गावोगावी लोकजैवविविधता नोंदवह्या तयार करावयाच्या आहेत. कित्येक ठिकाणी त्या पुस्तकातील नावांच्या याद्या उतरून काढून पूर्ण केल्या जातात, व कपाटात जातात. या सभागृहात शिक्षक आहेत, ग्रामपंचायतींचे सभासद आहेत. आपल्या गावच्या वहीत शिकारी पक्ष्यांच्या पानावर प्रमाण नावाशेजारी गावाचे नाव लिहावे, ते सांगणाऱ्याचा समाज व धंदा लिहावा, पक्षी कोणत्या महिन्यात दिसला ते लिहावे, आणि नर, मादी की पिलू हे ठाऊक नसेल तर ती जागा कोरी ठेवावी. मेळघाटातील गावांनी कोरकू नावे कोरकू माणसांकडूनच लिहवून घ्यावीत. ही नावे सांगणारी माणसे वृद्ध आहेत. काम याच हिवाळ्यात, भोवत्ये आलेले असतानाच, सुरू करावे.